लाइटवाला रिमोट फॅन: फॅनला पैकीच्या पैकी, लाइटला जेमतेम पास

आमच्याकडे सेम मॉडेलचे दोन फॅन आहेत, एक हॉलमध्ये आणि एक आई-बाबांच्या खोलीत. बीएलडीसी मोटर (म्हणजे ब्रश नसलेली, डीसीवर चालणारी आणि कमी वीज खाणारी), ४८ इंची, खाली गोल एलईडी लाइट आणि सगळा कारभार रिमोटवर. चिपळूणचा उन्हाळा, चिपळूणचा पाऊस आणि दिवसातून कधीही जाणारी वीज हे सगळं त्यांनी बघून झालंय, त्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही. फॅन म्हणून पैकीच्या पैकी, लाइट म्हणून जेमतेम पास, आणि सर्व्हिसला किती मार्क द्यायचे ते खालचं वाचून तुम्हीच ठरवा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकारच्या बहुतेक फॅनचं आतलं गणित थोड्याफार फरकाने सारखंच असतं आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे: फॅन नीट चालत नाही म्हणून आपण जेव्हा तक्रार करतो ना, तेव्हा बरेचदा दोष भिंतीतल्या वायरिंगचा, जुन्या रेग्युलेटरचा नाहीतर रिमोटचा असतो, आणि येणारा माणूस त्यातलं काही न तपासता "पीसीबी गेलाय" म्हणून मोकळा होतो. पीसीबी म्हणजे फॅन चालवणारा आतला सर्किट बोर्ड, फॅनच्या निम्म्या किमतीपर्यंत जाणारी वस्तू. म्हणून आधी काय काय तपासायचं ते माहीत असलेलं बरं.

घ्यायचं मूळ कारण इन्व्हर्टर. जून लागला की फांदी तारेवर आली, झाड पडलं, डीपीवर काहीतरी झालं, वीज गेली. साधा जुना फॅन फुल स्पीडला ७०-७५ वॉट खातो, असे तीन फॅन इन्व्हर्टरवर टाकले की पहाटेपर्यंत बॅटरी मान टाकायची. बीएलडीसीवाला तेवढाच वारा २८ ते ३५ वॉटमध्ये देतो. आमच्या बॉक्सवरच्या लेबलवर ३२ वॉट आणि मिनिटाला २२० घनमीटर हवा असं छापलंय, म्हणजे एका वॉटमागे जवळपास ६.९ घनमीटर. या आकड्याला सर्व्हिस व्हॅल्यू म्हणतात आणि नुसते स्टार मोजण्यापेक्षा हा आकडा बघून फॅन घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनला स्टार लेबल सक्तीचं झालंय त्यामुळे दुकानात ते बघायला मिळतंच. बिलाचा हिशोब करायचा तर फुल स्पीडला साधारण ४०-४५ वॉटचा फरक, रोज पंधरा तास फॅन चालला तर महिन्याला एका फॅनमागे अठरा-वीस युनिट वाचतात. तुमच्याकडे फॅन रोज दोन-तीनच तास लागत असेल तर मात्र फक्त बिलासाठी हा घेण्यात अर्थ नाही.

अजून एक गोष्ट जी मला स्वतःला वीज वाचण्यापेक्षा जास्त आवडली. संध्याकाळी व्होल्टेज डाऊन झालं की साधा फॅन मंद होतो, गावाकडच्यांना हे सांगायला नको, सात ते दहा नुसतं वर बघत बसायचं. या फॅनचं तसं होत नाही, बॉक्सवर १४० ते २८५ व्होल्ट असं लिहिलंय आणि खरंच व्होल्टेज पडलं तरी स्पीड हलत नाही, कारण आतला सर्किट आधी एसीचं डीसी करतो आणि मोटरला लागेल तेवढंच देतो. आईला पहिल्या आठवड्यातच फरक कळला. उन्हाळ्यात जेवायच्या वेळेला वारा तसाच येतोय याच्याइतकं सुख नाही.

आता त्रासाकडे येते. पहिला त्रास बसवल्या दिवशीच. दुकानातून आलेल्या मुलाने जुना फॅन उतरवला, नवीन लटकवला, दोन वायरी जोडल्या, रिमोट हातात दिला आणि गेला. रात्री फॅन एकवर घूंऽऽ असा आवाज करायला लागला, दोनवर अडखळायचा, आणि लाइट लुकलुकायचा. कारण बोर्डवरचा जुना रेग्युलेटर त्याने लाइनमध्ये तसाच ठेवला होता. हे फार घरांत होतं म्हणून जरा सविस्तर सांगते. साध्या फॅनचा रेग्युलेटर फॅनला जाणारं व्होल्टेज कमी करतो, त्याने स्पीड कमी होतो. बीएलडीसी फॅनचा स्पीड आतला पीसीबी ठरवतो, त्याला पूर्ण २३० व्होल्ट हवेत. मध्ये रेग्युलेटर असला की पीसीबीला अर्धपोटी सप्लाय मिळतो, तो चालू-बंद चालू-बंद करत राहतो आणि लाइटचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज देणारा सर्किट, तोही त्याच लाइनवर असल्यामुळे लाइट पण नाचतो. काही लोक म्हणतात रेग्युलेटर फुलवर ठेवा म्हणजे झालं. चालतं, खरंच चालतं, कारण स्टेपवाल्या रेग्युलेटरमध्ये फुलला सप्लाय थेट जातो. पण घरात पाहुणे येतात, लहान मुलं येतात, कोणीतरी सवयीने तो नॉब फिरवतंच, आणि असं वारंवार झालं तर पीसीबीचं आयुष्य कमी होतं. रेग्युलेटर बायपास करून टाका आणि त्या जागी कोरी प्लेट लावा. आमच्याकडे तेवढं केल्यावर आवाजही गेला आणि लुकलुकणंही गेलं. त्या मुलाने पाच मिनिटं जास्त दिली असती तर झालं असतं, आणि मॅन्युअलमध्ये हे ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे, फिटिंग करणाऱ्याने ते वाचायलाच हवं.

दुसरी गोष्ट कंडेन्सरची. कुठल्याही वायरमनला बोलवा आणि सांगा फॅन फिरत नाही, तो वर न बघताच म्हणणार, ताई कंडेन्सर गेला असेल, अडीचचा टाकून देतो. साध्या फॅनला ते बरोबर आहे, तिथे अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर कमजोर झाला की फॅन स्लो होतो किंवा हाताने ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही. बीएलडीसीत तो कंडेन्सरच नसतो. यात रोटरवर म्हणजे फिरणाऱ्या भागावर मॅग्नेट, आत तीन फेजची वाइंडिंग, आणि पीसीबी त्या तीन वायरींना आळीपाळीने करंट देऊन रोटर फिरवतो. म्हणून सुरू करताना पाती आधी जराशी मागे-पुढे हलतात आणि मग फिरायला लागतात, ते नॉर्मल आहे, घाबरू नका, सर्किट रोटर कुठे उभा आहे त्याचा अंदाज घेत असतो. पण नुसती थरथर होऊन थांबली, परत थरथर, परत थांबली असं चाललं असेल तर त्या तीन वायरींपैकी एखादी सैल असण्याची शक्यता मोठी. आमच्या शेजाऱ्यांकडे हेच झालं, पीसीबीपासून मोटरकडे जाणारा छोटा पांढरा कनेक्टर अर्धवट बसलेला होता, दाबून बसवला आणि फॅन सुरू. त्यांना आधी नवीन पीसीबीचं कोटेशन मिळालेलं होतं! ही टेक्नॉलॉजी काही कालची नाही, कोइमतूरच्या कंपनीने सुपरफॅन २०१२ मध्ये आणला, मग आयआयटी बॉम्बेच्या मुलांनी सुरू केलेल्या ॲटमबर्गने अशा फॅनची सगळीकडे ओळख करून दिली, आता जुन्या सगळ्या मोठ्या कंपन्याही बनवतात (आमचा या दोघांपैकी कुणाचाच नाही). एवढी वर्षं झाली तरी तालुक्याच्या गावात हा फॅन उघडून बघणारा माणूस शोधावा लागतो याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आमचे वायरमन काका हुशार आहेत, कुणीतरी एक दिवसाचं ट्रेनिंग दिलं तर ते हे सगळं करतील.

आता रिमोट. रिमोट दाबला आणि काही झालं नाही की पहिला संशय सेलवर घ्या, बारीक पेन्सिल सेल असतात दोन. बॉक्ससोबत आलेले सेल कधीच टिकत नाहीत, पहिल्याच दिवशी चांगले घाला. सेल नवीन असून चालत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा सुरू करा, शक्यतो सेल्फीवाला कारण मागच्या कॅमेऱ्याला बरेचदा फिल्टर असतो, रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. टोकाचा छोटा बल्ब स्क्रीनवर जांभळट चमकला तर रिमोट जिवंत आहे. डोळ्याला तो प्रकाश दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. हा उपाय टीव्हीच्या, एसीच्या रिमोटलाही चालतो, फक्त रिमोट इन्फ्रारेडवाला पाहिजे. काही फॅनना आरएफवाला म्हणजे रेडिओचा रिमोट असतो, त्याला फॅनकडे रोखायची गरज नाही, दुसऱ्या खोलीतूनही चालतो, पण त्याला कॅमेऱ्यात काही दिसणार नाही आणि तो फॅनशी पेअर करावा लागतो. पेअर करायची पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते पण साधारण अशी की बोर्डवरून फॅन बंद करायचा, थोडं थांबायचं, चालू करायचा आणि लगेच काही सेकंदांत एक ठरावीक बटण धरून ठेवायचं. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर बघा.

कॅमेऱ्यात चमकतोय आणि तरी फॅन ऐकत नाही, मग? आमच्या हॉलमध्ये दुपारी तीननंतर असं व्हायचं. पश्चिमेची बाल्कनी, ऊन थेट फॅनच्या खालच्या बाजूला, आणि तिथेच रिसीव्हरचा काळा ठिपका. उन्हातही इन्फ्रारेड असतोच, त्यात रिमोटचा सिग्नल हरवतो. पडदा ओढला की फॅन शहाण्यासारखा ऐकतो. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटमुळेही असा त्रास होतो असं ऐकलंय, आमच्याकडे नाही झाला. आणि एक बटण मेलं, बाकीची चालतात असं असेल तर तो सेलचा प्रश्न नाही, रिमोटच्या आतल्या रबरी पट्टीखाली घाम आणि धूळ जाते, उघडून कोरड्या कापडाने पुसलं तर बरेचदा चालतं. सेलच्या स्प्रिंगवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर कापसाला किंचित व्हिनेगर लावून पुसा, वाळू द्या, मग सेल घाला.

सेम मॉडेलचे दोन फॅन घेणाऱ्यांना एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. इन्फ्रारेडवाला रिमोट कुठल्या फॅनचा आहे हे फॅनला कळत नाही. हॉलमधून बटण दाबलं आणि आई-बाबांच्या खोलीचं दार उघडं असलं, की पांढऱ्या भिंतीवरून सिग्नल परावर्तित होऊन तिथला फॅनही बंद होतो. बाबा दुपारी झोपलेले असले की मग विचारूच नका. दार लोटून घेणे किंवा रिमोट वर फॅनकडे रोखून दाबणे एवढाच उपाय. दुसरीकडे याचा फायदा असा की एक रिमोट सापडला नाही तर दुसऱ्याने काम भागतं. काही कंपन्यांच्या रिमोटला चॅनल बदलायची सोय असते, दोन फॅन घेत असाल तर ती आहे का हे आधी विचारा.

आणि बीप! बीपकडे लक्ष द्या, त्यावरून निम्मं निदान होतं. बटण दाबल्यावर फॅनमधून बीप आली पण पाती हलली नाहीत, म्हणजे रिमोट ठीक, रिसीव्हर ठीक, पीसीबीला सप्लाय मिळतोय, दोष मोटरच्या बाजूला. बीपच नाही पण बोर्डचं बटण चालू केल्यावर लाइट लागतो, म्हणजे सप्लाय वरपर्यंत येतोय आणि रिमोट किंवा रिसीव्हर बघायला हवा. बीप नाही, लाइट नाही, फॅन नाही, तर आधी वर सप्लाय पोचतोय का हेच बघा, रॉडच्या वरच्या वाटीत वायर निसटलेली असू शकते. फॅन मस्त चालतोय आणि फक्त लाइट नाही, तर मोटर-पीसीबीला हात लावू देऊ नका, दोष लाइटच्या प्लेटमध्ये, तिच्या ड्रायव्हरमध्ये नाहीतर मधल्या क्लिपमध्ये. आणि कधी कधी सगळं असून अडकून बसल्यासारखं होतं, तेव्हा बोर्डवरून बंद करून अर्धा मिनिट थांबा, लगेच चालू करू नका, आतला चार्ज उतरायला वेळ लागतो. एवढ्यानेच आमचा फॅन कितीतरी वेळा ताळ्यावर आलाय.

आता लाइटवर येते, माझी खरी नाराजी तिथे आहे.

पहिली नाराजी रात्रीची. वीज गेली, इन्व्हर्टरची बॅटरीही उतरली आणि रात्री अडीच-तीनला वीज परत आली, की फॅन आधीच्या स्पीडला सुरू होतो, ते उत्तम, पण सोबत लाइटही फुल पांढरा लागतो. अंधारात झोपलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यावर अचानक एवढा उजेड! आई दचकून उठायची, मग रिमोट शोधा. फॅनचा शेवटचा स्पीड लक्षात ठेवणारा सर्किट बनवता येतो तर लाइट बंद होता हेही लक्षात ठेवता येतं, त्याला काही रॉकेट लागत नाही, कंपनीने हे करायलाच हवं होतं. काही मॉडेलमध्ये ते केलेलं असतं, म्हणून दुकानात फॅन चालू करून दाखवायला सांगा, रिमोटने लाइट बंद करा, मेन बटण बंद-चालू करा आणि लाइट लागतो का बघा. आमच्यासारख्या सतत वीज जाणाऱ्या भागात ही टेस्ट सगळ्यात महत्त्वाची.

याच प्रकारातली दुसरी तक्रार लोक फार करतात की लाइटचा रंग आपोआप बदलतो, पिवळा असतो तो पांढरा होतो. त्यात बिघाड काही नाही. तीन रंगांचे जे लाइट असतात त्यातले बरेच बटण पटकन बंद-चालू केलं की पुढच्या रंगावर जातात, आणि पावसात वीज क्षणभर झपकते ना, त्या झटक्याला लाइट बटणच दाबलं असं समजतो. रिमोटने परत हवा तो रंग लावायचा.

तिसरी गोष्ट जरा गंभीर आहे. आई-बाबांच्या खोलीत बोर्डचं बटण बंद असतानाही लाइटची रिंग अंधुक पेटलेली दिसायची, चांदण्यासारखी, दिवे मालवल्यावरच कळायचं. याचं एक साधं कारण असतं, बटणावर छोटा इंडिकेटर असेल तर त्यातून जाणारा किंचित करंटही एलईडीला पुरतो. आमच्या बटणाला इंडिकेटर नव्हता. वायरमन काकांनी टेस्टर लावला तेव्हा कळलं की त्या बोर्डात फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) उलटे आहेत, बटण न्यूट्रल तोडतंय आणि फेज कायम फॅनपर्यंत जातोय. जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचं पाणी घरात आलं होतं, त्यानंतर अख्ख्या गावाची वायरिंग एकदमच नवीन करायची होती, वायरमन मिळत नव्हते, बाहेरगावचे लोक येऊन भराभर बोर्ड वर घेऊन देत होते. त्या गडबडीत हे राहून गेलं. उजेडाचं सोडा, खरा धोका हा की बटण बंद आहे म्हणून कोणी शिडीवर चढून फॅन पुसायला गेलं तर आतल्या वायरीत करंट असतोच! म्हणून फॅनला हात लावायच्या आधी बोर्डचं बटण बंद करून भागत नाही, घराचा मेन स्विच पाडा, इन्व्हर्टरही बंद करा, आणि वर टेस्टर लावून खात्री करा. चिपळूण, खेड, महाड, पुरानंतर ज्यांनी ज्यांनी वायरिंग केली त्या सगळ्यांना मी कळकळीने सांगते, एकदा सगळे बोर्ड तपासून घ्या. आमच्याकडे वायरी सरळ केल्यावर ती अंधुक रिंग गेली.

आणि मग हॉलचा लाइट गेलाच. आधी काही दिवस लुकलुकला, मग एका संध्याकाळी फट्कन बंद. फॅन व्यवस्थित. टोल फ्रीला फोन केला, त्यांनी बिलाचा फोटो मागितला, व्हिडिओ मागितला, तक्रार नंबर दिला आणि मग शांतता. परत फोन केला की नवीन माणूस, परत सगळं पहिल्यापासून. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवली, त्यानंतर टेक्निशियनचा फोन आला. बिल आणि वॉरंटी रजिस्ट्रेशनचा मेसेज जपून ठेवा, हे दोन्ही नसतं तर आमचं काही चाललं नसतं.

टेक्निशियन दुसऱ्या तालुक्यातून आला. खालून बघितलं आणि म्हणाला, मॅडम पीसीबी आणि लाइट दोन्ही बदलावं लागेल, वॉरंटी मोटरला आहे, लाइटची संपली. मी म्हटलं दादा, आत सेम फॅन आहे, त्याची लाइटची प्लेट काढून इथे लावून बघा. दोन सेम फॅन असण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा, अदलाबदल करून बघितलं की वाद राहत नाही. त्याने थोडे आढेवेढे घेतले, पण लावली. लखलखीत लागला. म्हणजे पीसीबी ठणठणीत! मग जुनी प्लेट आम्ही खाली टेबलावर उघडली. झाकण डावीकडे फिरवलं की निघतं, आत मेलेल्या मुंग्या, बारीक धूळ, आणि पांढऱ्या गोल पट्टीवर ओळीने पिवळे छोटे एलईडी. सगळे स्वच्छ पिवळे, एकाच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका. तो जळला म्हणून सगळे बंद, कारण ते एकामागोमाग एक अशा साखळीत असतात, एक तुटला की पुढे करंटच नाही. वायरमन काका म्हणाले मी तेवढा एलईडी शॉर्ट करून देतो, लागेल. लागतोही, पण बाकीच्यांवर भार येऊ शकतो आणि कंपनीला पुढे काही बोलायला जागा मिळते, म्हणून आम्ही पूर्ण प्लेट विकत घेतली. टेक्निशियनने पीसीबीसकट जे सांगितलं होतं त्याच्या पाव किमतीत काम झालं. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याला दिवसभरात एवढ्या गावांत पोचायचं असतं, पण कंपनीने त्याच्या बॅगेत एक टेस्टिंगची प्लेट दिली तर असल्या चुकीच्या निदानातून लोकांचे हजार-दीड हजार वाचतील.

लाइट बिघडलाय असं वाटायच्या आधी एक अजून बघा. फॉल्स सीलिंगचे पॅनल लाइट किंवा भिंतीवर उंच लावलेली ट्यूब फॅनच्या पात्यांच्या वर असेल तर फिरती पाती तो उजेड कापतात आणि खोलीत सगळीकडे सावल्या नाचतात. माझ्या मावसबहिणीने यासाठी फॅनची तक्रार टाकली होती. वरचा लाइट बंद करून फक्त फॅनचा लावा, नाचणं थांबलं तर बिघाड कशातच नाही.

घरात वयस्कर माणसं असतील तर एवढं जरूर करा, रिमोटला भिंतीवर स्टँड लावा, बोर्डच्या शेजारीच, आणि वापरून झाला की तिथेच ठेवायची सवय लावा. बाबांना रिमोटवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, आम्ही चालू-बंदच्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय, अंधारात चाचपूनही कळतो. मोबाइल ॲपवाले फॅन मिळतात पण आई-बाबांच्या खोलीसाठी मी ते घेणार नाही. त्यांना बोर्डवरचं बटण कळतं, तेच त्यांच्या हातात राहू दे.

घ्यायचा विचार असेल तर माझा सल्ला असा. लाइटवाला मॉडेल त्याच खोलीत लावा जिथे दुसरा एखादा लाइट आहेच. फॅनच्या लाइटवर अख्खी खोली अवलंबून ठेवू नका, तो गेला तर सर्व्हिस येईपर्यंत अंधारात बसायला लागेल. स्वयंपाकघरात तर लावूच नका, वाफ आणि तेलाचा थर झाकणाच्या आत जातो. नवीन घराची वायरिंग चालू असेल तर फॅन पॉइंटला लाइटसाठी एक जास्तीची फेज वायर ओढून ठेवा आणि फॅनही तसा दोन वेगळ्या जोडण्यांचा बघा, म्हणजे लाइटला बोर्डवर स्वतंत्र बटण देता येतं आणि रात्री अडीचच्या उजेडाचा विषयच संपतो. आमच्या जुन्या घरात फॅनला एकच फेज आहे, स्लॅब फोडल्याशिवाय दुसरी जात नाही. लाइटवाला फॅन साध्यापेक्षा वजनाला जास्त असतो, तेव्हा जुना गंजलेला हूक आधी तपासून घ्या, आणि सोबत आलेली सेफ्टी वायर फिटिंगवाला खिशात घालून नेत नाही ना ते बघा, ती हुकाला बांधायची असते. विजा चमकायला लागल्या की मेन बंद करा. न्यूट्रल तुटून जास्त व्होल्टेज आलं तर साधा फॅन एखादवेळ वाचेल, याचा पीसीबी वाचणार नाही.

आणि बसवायच्या आधी, फॅन खाली जमिनीवर असतानाच, मोटरच्या वरच्या बाजूला असलेल्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मॉडेल नंबर, बॅच नंबर, सगळं त्याच्यावरच असतं. एकदा फॅन वर गेला की तो स्टिकर छताकडे तोंड करून राहतो, आणि जास्तीचा रिमोट मागवताना, लाइटची प्लेट मागवताना, टोल फ्रीवरची बाई सगळ्यात आधी तोच नंबर विचारते.